पुरवणी निवेदन

विमानाच्या अपघातानंतर मी लिहून दिलेल्या निवेदनाची झेरॉक्स माझ्याकडे अजून आहे. अर्ध्या पानाची. त्यातलं तिसरं वाक्य असं : "उतरताना अचानक वाऱ्याचा जोरदार झोत आल्याने विमान उचलले गेले. मी तत्काळ पूर्ण थ्रॉटल देऊन पुन्हा वर जाण्याचा प्रयत्न केला, परंतु..."

'परंतु'च्या पुढचं सांगायला सोपं आहे. पुढच्या चाकाचा पाय मोडला, प्रॉपेलर डांबराला लागला, विमान धावपट्टीच्या उजवीकडे गवतात नाक टेकवून तिरकं उभं राहिलं. मला खांद्यावर पट्ट्याचा वळ उठला, बाकी ओरखडाही नाही. अवघड आहे ते 'परंतु'च्या अलीकडचं. त्या वाक्यात दोन गोष्टी खोट्या आहेत, आणि लिहिताना मला त्यातली एकही खोटी वाटत नव्हती.

मी नाशिकचा. अंबड एमआयडीसीत छोटं वर्कशॉप आहे : दोन सीएनसी, एक जुनं मिलिंग मशीन, आठ माणसं. वडील एचएएलला, म्हणजे विमानं बनवणाऱ्या सरकारी कारखान्यात होते, 1976 साली फिटर म्हणून लागले, त्यामुळे बालपण ओझरच्या टाउनशिपमध्ये मिगच्या आवाजात गेलं. मिग डोक्यावरून गेलं की वर्गात बाई खडू हातात धरून थांबायच्या आणि आवाज विरला की वाक्य जिथे सोडलं होतं तिथून उचलायच्या. आम्हालाही त्यात काही वेगळं वाटायचं नाही. विमान चालवायचं खूळ तेव्हाचंच. पैसा आणि सवड जुळून यायला मात्र वयाची चव्वेचाळिशी गाठावी लागली.

खासगी पायलटच्या लायसन्सला आपल्याकडे किमान 40 तासांचं उड्डाण लागतं, शिवाय मेडिकल, लेखी परीक्षा, रेडिओची परीक्षा. मला 40 चे 63 तास लागले. विमान माझं नाही, तेवढी ऐपत नाही. नाशिकपासून गाडीने चार तासांवर एक फ्लाइंग स्कूल आहे, त्यांचं सेस्ना 172 तासावर भाड्याने घेतो. महिन्यातून एकदा, जमलं तर दोनदा. अपघात झाला तेव्हा माझे एकूण 97 तास झाले होते. हा आकडा मी अभिमानाने सांगायचो. आता कळतं की शंभराच्या आसपासचा पायलट म्हणजे नुकतीच स्कूटर येऊ लागलेला कॉलेजचा पोरगा. हात सोडून चालवून दाखवायची हौस नेमकी तेव्हाच येते.

एप्रिलचा शनिवार होता. माझा स्लॉट सकाळी साडेसातचा, त्यासाठी पहाटे तीनला घर सोडलं होतं. गेलो तर विमानाचा एक टायर बदलायला घेतलेला. मग दहा वाजले, मग बारा, मग जेवण. शेवटी तीनला विमान हातात आलं. इतका प्रवास करून आलेला माणूस "आज राहू दे" म्हणत नाही, ही पहिली गोष्ट. ती निवेदनात कुठेच नाही.

आपल्याकडच्या एप्रिलमधली सकाळ आणि दुपार या दोन वेगळ्या गावांच्या हवा असतात. सकाळी सातला अगरबत्तीचा धूर सरळ वर जातो. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवेचे बुडबुडे सुटतात, आणि ते वर गेले की त्यांच्या जागी वरचा वेगवान वारा तुकड्या-तुकड्याने खाली येतो. जमिनीवर आपल्याला ते झोत म्हणून लागतात. दोरीवरची चादर आधी लोंबते, मग एकदम शिडासारखी फुगते, पुन्हा लोंबते, ते यामुळेच.

रेडिओवर वारा मिळाला : 220 अंशांवरून 12 नॉट (नॉट म्हणजे ताशी पावणेदोन-दोन किलोमीटर), गस्टिंग 24, म्हणजे झोत 24 पर्यंत. आमची धावपट्टी 27, म्हणजे 270 अंशांची, म्हणजे मी पश्चिमेला तोंड करून उतरणार आणि वारा डावीकडून 50 अंशांनी येणार. आडव्या वाऱ्याचा हिशेब मी हवेतच केला. 50 अंशांना साधारण पाऊण धरायचा, 12 चा पाऊण 9. सेस्ना 172 च्या पुस्तकात आडव्या वाऱ्यात करून दाखवलेलं लँडिंग 15 नॉटचं आहे. 15 च्या पुढे 9 काय, किरकोळ! 24 चा पाऊण 18 होतो हे मी काढलंच नाही. चौथीतलं पोर काढेल असं गणित. पण मला 9 हवे होते, ते मिळाल्यावर मी पुढे कशाला जाऊ?

त्या 15 बद्दल एक सांगायला हवं, कारण माझाही गैरसमज होता. ती विमानाची हद्द नाही. कंपनीच्या चाचणी-पायलटने तेवढ्या आडव्या वाऱ्यात उतरवून दाखवलं, एवढाच त्याचा अर्थ. तो पायलट रोज तेच काम करणारा. महिन्यातून एकदा उडणाऱ्या नाशिकच्या वर्कशॉपवाल्याची हद्द त्याच्या बरीच अलीकडे असते, आणि ती कुठल्याच पुस्तकात छापलेली नसते.

माझ्या पुढे एक विद्यार्थी होता, वीस-बावीस वर्षांचा. तो दोनदा खाली येऊन, न टेकता पुन्हा वर गेला आणि तिसऱ्यांदा उतरला. चकरा मारत वाट बघताना मला हसू आलं होतं. हेही निवेदनात नाही.

माझा नंबर आला. झोतांचा दिवस म्हणून मी वेग वाढवला. नियम असा : सरासरी वारा आणि झोत यांच्यातल्या फरकाचा अर्धा भाग नेहमीच्या वेगात मिळवायचा. फरक 12 चा, अर्धे 6. फायनलला, म्हणजे धावपट्टीसमोरच्या शेवटच्या सरळ टप्प्यात, मी 65 नॉट ठेवतो, म्हणजे 71 हवे होते. मी 78 ठेवले. थोडा वेग हाताशी असलेला बरा, हा गाडीवाल्याचा, आणि तोही उलटा, विचार. वेग 65 चा 78 झाला की विमानातली ऊर्जा जवळपास 44 टक्क्यांनी वाढते, कारण ती वेगाच्या वर्गाने चढते. इतकी ऊर्जा अंगात असलेलं विमान जमिनीवर बसायला तयार नसतं. त्यात फ्लॅप, म्हणजे पंखांच्या मागच्या कडेच्या झडपा, पूर्ण खाली. पुस्तक स्पष्ट सांगतं की जोरदार आडव्या वाऱ्यात धावपट्टीच्या लांबीला लागतील तेवढेच, कमीत कमी फ्लॅप वापरा. धावपट्टी मला पुरून उरणारी होती. पूर्ण फ्लॅप ही निव्वळ सवय.

विमान तरंगत राहिलं. चाकं डांबरापासून हातभर वर, आणि अचानक (हो, मीही तोच शब्द वापरतोय) सगळं शांत झालं. वारा पडला. विमान हळूहळू बसू लागलं. मला वाटलं, जमलं. डाव्या हाताने डावीकडे वळवून धरलेलं योक (पंखांच्या टोकांकडच्या झडपा, म्हणजे एलेरॉन, हलवणारं स्टिअरिंग) मी नकळत सरळ केलं. पुढच्या क्षणी डावा पंख उचलला गेला, विमान तीन-चार फूट वर उडालं आणि उजवीकडे सरकू लागलं. पांढरी मधली रेघ माझ्या डावीकडे निघून जाताना दिसली. मी काय केलं? नाक खाली दाबलं. एकदाचं टेकव बाबा! पुढचं चाक आधी टेकलं, विमान बेडकासारखं उडालं. वर गेल्यावर वेग संपला, त्यातच वारा पुन्हा पडला. वेग 60 चा 50 झाला तर पंखांची उचल 30 टक्क्यांनी घटते. विमान उतरलं नाही, पडलं. मी पुन्हा नाक दाबलं. पुन्हा उडालं. तिसऱ्यांदा पुढचा पाय मोडला.

पहिल्या टेकण्यापासून थांबेपर्यंत पाच-सहा सेकंदं गेली असतील. मग हात आपोआप चालले : मिक्श्चर, इंधन, मॅग्नेटो, मास्टर. इंजिन तर आधीच थांबलं होतं. सगळं बंद केल्यावर पॅनेलच्या मागून एक बारीक गुणगुण ऐकू येत राहिली. दिशा दाखवणाऱ्या उपकरणातला जायरो. त्याची चकती वीज-हवा गेल्यावरही बराच वेळ फिरत राहते. मी दार उघडून गवतात उतरलो, आग नाही ना बघितलं, आणि ती गुणगुण थांबेपर्यंत तिथेच उभा राहिलो. का, ते सांगता येत नाही.

पुढची धावपळ सरकारी शिस्तीची. श्वासाची तपासणी, डॉक्टर, डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) आणि अपघात तपास ब्युरोला कळवणं. परवानगी मिळेपर्यंत विमानाला हात लावायचा नाही, ते जिथे आहे तिथेच राहणार. त्यामुळे ते बिचारं नाक खुपसून सगळ्यांसमोर उभं. कॅन्टीनच्या खिडकीतून नेमकं तेच दिसत होतं. निवेदन मी त्या कॅन्टीनमध्ये बसून लिहिलं, आणि मनापासून लिहिलं. विम्याचा सर्व्हेअर आला, कागद झाले. माझ्या खिशातून किती गेले ते इथे लिहीत नाही, बायको हे वाचणार आहे.

मला पुन्हा तयार करायची जबाबदारी ज्यांच्यावर आली त्या प्रशिक्षक कॅप्टन बाई माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. जमिनीवर मला "काका" म्हणतात, विमानात बसलं की नुसतं "तुम्ही". मोजमापं झाल्यावर त्या मला धावपट्टीवर घेऊन गेल्या, हातात टेप.

"काका, तुमचं मिलिंगचं काम आहे ना? मग हे तुम्हीच वाचा."

डांबरावर प्रॉपेलरच्या पात्यांनी काढलेल्या चिरा होत्या. आडव्या, समांतर, एकामागोमाग एक. पहिल्या दोन चिरांमध्ये अंतर 66 सेंटिमीटर. मी बघतच राहिलो, कारण हे मी रोज बघतो. कटर फिरतोय, जॉब पुढे सरकतोय, प्रत्येक दात आपली खूण सोडतोय : फीड पर टूथ. दातांची संख्या आणि फीड माहीत असेल तर खुणांच्या अंतरावरून आरपीएम निघतो. इथे कटरला दात दोन. जमिनीवरचा वेग 40 नॉट धरा, म्हणजे सेकंदाला साडेवीस मीटर. भागिले 0.66, म्हणजे सेकंदाला 31 खुणा, म्हणजे मिनिटाला साडेनऊशेच्या आसपास फेरे. मी तिथेच मोबाइलवर गुणाकार-भागाकार केला. मग पुन्हा केला.

साडेनऊशे म्हणजे आयडल, इंजिन नुसतं चालू, जोर नाही. थ्रॉटल पूर्ण आत असतं तर इंजिन 2,300 च्या आसपास असतं आणि चिरा सत्तावीस सेंटिमीटरवर आल्या असत्या.

"पात्यांची टोकंही बघा," त्या म्हणाल्या. दोन्ही टोकं मागे वळलेली होती. इंजिन जोरात असताना पातं लागलं तर ते हवा खात पुढे ओढत असतं, टोक सहसा पुढे वळतं. जोर नसला की मागे.

मला थ्रॉटल पुढे ढकलल्याचं स्पष्ट आठवत होतं. तळहाताला त्या काळ्या बोंडाचा गारवासुद्धा आठवत होता. अजूनही आठवतो. आणि ते घडलेलंच नाही. वर्कशॉपमध्ये पोरं जॉब बिघडवून "साहेब, मी ऑफसेट टाकला होता" असं शपथेवर सांगतात तेव्हा मी त्यांना खोटारडं म्हणत आलो. त्या दिवसापासून ते बंद केलं. त्यांनाही खरंच आठवत असणार.

बाईंनी माझ्या निवेदनाच्या झेरॉक्सवर पेन्सिलने दोन गोल केले. एक 'पूर्ण थ्रॉटल'भोवती. दुसरा 'अचानक'भोवती.

"पहिल्याचं उत्तर मिळालं. दुसऱ्याचं तुम्ही शोधा. उद्या दुपारी खुर्ची घेऊन बसा इथे."

मला हा प्रकार शिक्षा वाटला. शाळेत वर्गाबाहेर उभं करतात तसा. पण बसलो. हँगरच्या सावलीत प्लॅस्टिकची खुर्ची, पाण्याची बाटली, वही. विंडसॉककडे (वारा दाखवणाऱ्या कापडी नळीकडे) बघून दर दहा सेकंदांनी लिहायचं : भरला, अर्धा, लोंबला, कुठल्या दिशेला. पहिला अर्धा तास वहीत गिचमिड. मग कंटाळून मी विंडसॉक सोडला आणि धावपट्टीच्या कडेचं वाळलं गवत बघू लागलो.

गवत सगळीकडे सारखं हलत नव्हतं.

उतरणाऱ्याच्या डाव्या अंगाला, धावपट्टीला समांतर, आधी कडुलिंबांची दाट रांग आहे. मग मोकळी जागा, शंभरेक पावलांची. मग हँगर. वारा त्याच अंगाने येत होता. लिंबांच्या आडचं गवत जेमतेम डुलत होतं. मोकळ्या जागेसमोरचं गवत आडवं होत होतं. हँगरच्या आड पुन्हा शांत, अधूनमधून तिथलं गवत चक्क उलट्या दिशेला गिरकी घेत होतं. विंडसॉक तिसरीकडेच, उघड्यावर उभा राहून आपलं सरासरी काहीतरी सांगत होता. मी उठून धावपट्टीच्या कडेने चालत गेलो. लिंबांची सावली संपली आणि तोंडावर धूळ आली. परत मागे आलो, शांत. पुढे गेलो, धूळ. माझ्या पहिल्या टेकण्याचा काळा डाग मोकळ्या जागेच्या बरोबर तोंडाशी होता.

म्हणजे मला लागलेला तो 'अचानक' झोत मी येण्याआधी तिथे होता, नंतरही होता, आणि आत्ताही तिथेच वाहत होता. मीच त्याच्या आडून निघून त्याच्यासमोर गेलो होतो, तेही योक सरळ करून.

नाशिकला परतताना पिंपळगाव बसवंतला एका मित्राच्या द्राक्षबागेत थांबलो. त्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "त्यात काय नवीन? वारा अडवायला बांधाला शेवरी लावतो ना आम्ही. ओळीत एखादं झाड मेलं की त्या खिंडारासमोरच्या वेलींची पानं आधी फाटतात. उघड्या शेतात लागत नाही एवढा वारा त्या फटीतून लागतो." दहावीनंतर शाळा सोडलेला माणूस. त्याला एकही परीक्षा द्यावी लागली नव्हती.

लाज याची वाटली की मलाही हे ठाऊक होतं. माझं आजोळ येवल्याचं. संक्रांतीचे तीन दिवस तिथे सगळं गाव गच्चीवर असतं. हातात आसारी (मांजाची फिरकी) घेऊन मी आठव्या वर्षापासून पतंग उडवलाय. मामेभाऊ ओरडायचा, "तिथे नको उभा राहू, त्या माडीच्या आड पतंग गिरकी खातो, या कोपऱ्यावर ये!" झोत आला की ढील द्यायची, पडला की खेचायचं, हे बोटांना कळायचं. 97 तासांच्या लॉगबुकात हे कुठेच उतरलं नव्हतं. विमान हे मी शाळेत शिकलो आणि पतंग गच्चीवर. दोघांचा वारा एकच, हे कुणी सांगितलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

वडिलांना सगळं सांगितलं ते ओझरच्या घरी, रात्री जेवताना. त्यांनी काळजीचं काही विचारलं नाही. विचारलं ते एवढंच : "क्रँकशाफ्ट बघितला का?" प्रॉपेलर असा आपटला की इंजिन उतरवून पूर्ण उघडावंच लागतं, बाहेरून धडधाकट दिसलं तरी. क्रँकशाफ्ट व्ही-ब्लॉकवर ठेवून डायल गेज लावतात, फिरवून काटा किती हलतो ते बघतात, तडे शोधतात. विमानाचं म्हणाल तर पुढच्या पायाचा धक्का फायरवॉलपर्यंत, म्हणजे इंजिनामागच्या भिंतीपर्यंत, गेला होता, पत्र्याला सुरकुती आली होती. हे ऐकताना त्यांचा घास हातातच राहिला. मग म्हणाले, "आमच्याकडे टूल तुटलं की रिपोर्टमध्ये 'अचानक तुटलं' लिहिलेलं चालत नसे. साहेब कागद परत पाठवायचे." मी बाईंच्या पेन्सिलीचं अजून सांगितलंही नव्हतं.

पुन्हा उडायला सुरुवात झाली ती महिनाभराने, पहाटेच्या मेलेल्या हवेत. पहिल्या दिवशी हातांना घाम. मग हळूहळू आठ, नऊ, दहा वाजताचे स्लॉट, जसजसा वारा जागा होईल तसतसे. बाईंचा एक व्यायाम मला फार आवडला, आणि जो कुणी लहान विमान चालवतो त्याने तो आपल्या प्रशिक्षकाकडे हट्टाने मागून घ्यावा. उतरायचंच नाही. धावपट्टीवरून पाच-दहा फूट उंचीने, थोडी शक्ती ठेवून, या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं जायचं. वाऱ्याकडचा पंख खाली, विरुद्ध बाजूचा रडर (पायाने चालणारं शेपटीचं सुकाणू), नाक सरळ रेघेवर. पंखाने सरकणं थांबवायचं, रडरने नाक सरळ ठेवायचं. दोन हातांचा हिशेब वेगळा ठेवण्यासारखंच, फक्त इथे हात आणि पाय. डोळे धावपट्टीच्या पलीकडच्या टोकावर, समोरच्या डांबरावर नाही. टोक आलं की थ्रॉटल देऊन वर.

नेहमीच्या लँडिंगमध्ये हे जुळवायला चार सेकंदं मिळतात आणि ती घाबरण्यात जातात. इथे प्रत्येक खेपेला अर्धं मिनिट मिळतं. तिसऱ्या दिवशी लिंबांच्या आडून मोकळ्या जागेसमोर येताना झोत माझ्या आधी माझ्या हाताला कळला. पंख उचलायच्या आत योक डावीकडे गेलेलं होतं. येवल्याच्या गच्चीवरची ढील, एवढंच.

मग टेकवायचं, तेही एका चाकावर. वाऱ्याकडचं मागचं चाक आधी, मग दुसरं, सगळ्यात शेवटी नाकाचं. पहिल्यांदा हे फार विचित्र वाटतं, विमान लंगडल्यासारखं. टेकल्यावर काम संपत नाही, उलट वेग कमी होईल तसं योक वाऱ्याच्या बाजूला आणखी वळवत न्यायचं, कारण पंखांची पकड सुटत चाललेली असते. मी पूर्वी टेकलं की हात मोकळे सोडायचो, पोचलो एकदाचे म्हणून.

आणि उसळी. बाई मुद्दाम विमान थोडं उडवायच्या आणि माझ्या हातात द्यायच्या. उत्तर एकच : नाक दाबायचं नाही, थ्रॉटल पूर्ण, नाक सपाटीच्या जरा वर स्थिर, विमान सावरलं की फ्लॅप टप्प्याटप्प्याने वर, आणि निघून जायचं. त्यातही खाच आहे. पूर्ण फ्लॅप आणि उतरण्यासाठी लावलेला ट्रिम (नाकाचा तोल धरणारी व्यवस्था) असताना एकदम शक्ती दिली की सेस्नाचं नाक आकाशाकडे उसळतं आणि डावीकडे ओढतं. तेव्हा हाताने पुढे दाबून धरावं लागतं, उजवा पाय द्यावा लागतो. नाही तर उसळीतून वाचलेला माणूस वर जाताना स्टॉल होतो, म्हणजे पंखांची उचल तुटून पडतो. एकूणच लहान विमानांचे अपघात सर्वात जास्त उतरताना होतात, पण त्यात बहुतेक वेळा पत्राच वाकतो. माणसं जातात ती बऱ्याचदा अशा कमी उंचीवरच्या स्टॉलमध्ये. बेसवरून, म्हणजे धावपट्टीला आडव्या असलेल्या टप्प्यावरून, फायनलला वळताना मागून वारा लागून रेघ ओलांडली, आणि ती गाठायला नाक ओढून रडर मारला, की सावरायला खाली जागाच नसते. बाईंनी हे एकदाच सांगितलं, आवाज न चढवता. रेघ ओलांडली की वर जायचं. यावर चर्चा नाही.

पंचवीसेक वेळा मी असा वर गेलो असेन. विसाव्यानंतर कुठेतरी लक्षात आलं, की 'गो-अराउंड' म्हणताना माझ्या आवाजात जी माफी असायची ती गेली होती. त्या दिवशी ज्या पोराला मी हसलो होतो, तो एकदा कॅन्टीनमध्ये भेटला. त्याला सांगितलं. तो म्हणाला, "सर, मला तर भीती वाटली म्हणून गेलो वर." मी त्याला चहा पाजला.

पुरवणी निवेदन मी या सगळ्याच्या मध्येच कधीतरी लिहिलं, वर्कशॉपच्या ऑफिसात, मशीन चालू असताना. दीड पान झालं. पहाटे तीनला निघाल्याचं त्यात आहे, 18 चा न काढलेला आकडा आहे, 78 नॉट, पूर्ण फ्लॅप, पोराचे दोन गो-अराउंड, लिंबांची रांग आणि त्यानंतरची फट. थ्रॉटलबद्दल लिहिलं : "दिल्याचे मला आठवते, परंतु खुणांवरून दिले नसल्याचे दिसते." तिसरं वाक्य बराच वेळ जमेना. "झोत आल्याने" लिहिलं, खोडलं. शेवटी लिहिलं, "झाडांच्या आडून मोकळ्या जागेसमोर आल्यावर डावा पंख उचलला गेला. त्या वेळी मी एलेरॉन सरळ केले होते."

बाईंनी दीड पान उभ्यानेच वाचलं. पेन्सिल काढली, माझ्या पोटात गोळा. 'एलेरॉन'चा एक काना राहिला होता तो त्यांनी दिला, खाली तारीख नाही हे दाखवलं आणि म्हणाल्या, "उद्या तीनचा स्लॉट रिकामा आहे. वारा असणार. घेताय?"

घेतला. पहिल्या खेपेला फटीसमोर रेघ सुटली, वर गेलो. दुसऱ्या खेपेला वेगाचा आकडा 76 वर होता, तेव्हा फायनललाच वर गेलो. तिसऱ्या खेपेला लिंबांच्या बरंच अलीकडे, डाव्या चाकावर उतरलो. बिल पंचवीस मिनिटांनी वाढलं.